आधी तारीख, मग निकाल

दोन हजार सात सालच्या जुलैमध्ये पार्सिपनीतल्या देशी घरांत नुसती धांदल उडाली होती. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळलेल्या लोकांना सरकारने एकदम सांगितलं की या, अर्ज करा. दोन जुलैला म्हणाले, छे, आता नाही. सतराला म्हणाले, बरं बाबा, या, पण सतरा ऑगस्टच्या आत. एवढी चेष्टा व्याह्यांनी केली असती तर माणसं मांडवातून उठून गेली असती. सरकारची म्हणून सगळ्यांनी गोड मानून घेतली. जो तो फोटो काढायला पळत होता, गावाकडून जन्माचे दाखले मागवत होता, आणि दुकानात कुणी भेटलं की कसे आहात असं न विचारता मेडिकल झालं का असं विचारत होता.

सुलेखा या धावपळीत सगळ्यांच्या पुढे होती. लग्न होऊन ती इथे आली दोन हजार एकमध्ये, नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने, आणि त्या व्हिसावर बायकोला नोकरी करायला बंदी. त्याआधी नाशिकला तिने एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाच वर्षं काम केलं होतं. हात इतका हलका की सुई टोचून झाल्यावर पेशंट विचारायचे, कधी टोचणार? लॅबच्या रेखा मॅडम भारी कडक. नवीन मुली रिपोर्ट हातात आला की आधी निकालाकडे धावायच्या, तेव्हा मॅडम कागदावर पंजा ठेवायच्या. आधी नाव, मग तारीख, मग निकाल, हा त्यांचा शिरस्ता. मशीन खोटं बोलत नाही, म्हणायच्या. खोटं बोलतो तो पेशंट, आणि तेही तारखेबद्दल. एचआयव्हीच्या तपासणीला चोरून येणारे पुरुष ‘कधी झालं’ या प्रश्नावर कशी नजर फिरवतात, ते सुलेखाने काउंटरच्या आतून पाहिलं होतं. लागण झाली असली तरी ती रक्तात दिसायला तीन महिने लागू शकतात, तोवरच्या निगेटिव्हवर भरवसा ठेवू नका, हे ती त्यांना तोंडपाठ सांगायची.

आता सहा वर्षं ती घरात होती. कार्ड आलं की पुन्हा कुठल्यातरी लॅबमध्ये उभी राहणार, हे तिने पक्कं ठरवलं होतं. आणि दुसरी गोष्ट होती मुलाची. तिला चौतिसावं लागलं तरी नवऱ्याचं, श्रीरंगचं, आपलं एकच पालुपद, ‘ग्रीन कार्ड होऊ दे, मग बघू.’ इथली निम्मी मराठी पोरं या एका वाक्यापायी उशिरा जन्माला आली आहेत. शेवटी गेल्या दिवाळीत सुलेखाने हट्ट धरला, रडली, आणि तो हो म्हणाला. तेव्हापासून फ्रिजवरच्या कॅलेंडरवर ती दर महिन्याला दिवस राहण्याजोग्या तारखांवर लाल टिंब करायची.

श्रीरंग तसा पापभीरू माणूस, निदान सगळे तसं म्हणायचे. रिकाम्या रस्त्यावरही स्टॉपच्या पाटीपाशी गाडी पुरती थांबवणारा, सफरचंद दोनदा धुणारा, टोस्टरच्या डब्यातलं माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून वाचणारा. जानेवारीत कंपनीने त्याला क्लायंटकडे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला पाठवलं, मेअखेरपर्यंत. दर तीन आठवड्यांनी तो शनिवार-रविवारी घरी यायचा. तिकडे सारखा पाऊस असतो, सूर्य दिसत नाही, जीव रमत नाही, असं सांगायचा. सुलेखा त्याच्या बॅगेत चिवडा, मेतकूट, लोणचं भरून द्यायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने येणं कॅन्सल करायचं काढलं होतं. पण सात तारखेवर लाल टिंब होतं. तिने फोनवर दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे तो शुक्रवारी आला. आल्यापासून गप्प गप्पच होता. प्रोजेक्टचं टेन्शन असेल, असं तिने धरलं. त्या महिन्यात काही राहिलं नाही. ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली आणि फोनवर त्याला सांगितलं तेव्हा त्याने हुश्श केल्यासारखं तिला ऐकू आलं. तिला वाटलं, याला अजून मूल नकोच आहे.

पुढच्या खेपेपासून त्याची पाठ दुखायला लागली. डॉक्टरांनी म्हणे कडक गादी सांगितली होती, म्हणून उशी-पांघरूण घेऊन तो कॉम्प्युटरच्या खोलीत झोपायला लागला, तो मेअखेर कायमचा परत आला तरी तिथेच. सुलेखाने काय नाही केलं? मिठाची पुरचुंडी गरम करून शेकलं, तेल कोमट करून बोटं दुखेस्तोवर चोळलं. पाठ धडधाकट होती हो. एका ठणठणीत पाठीला ती बाई तीन महिने तेल चोळत होती. आपण जाड झालो म्हणून असेल का, असंही तिला वाटायचं, आणि त्या विचाराने ती एक पोळी कमी खायची.

मेडिकलला एडिसनला जायचं होतं. सरकारने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी करावी लागते, आणि ओक ट्री रोडवरचे डॉ. नरेंद्र कर्णिक त्यांपैकी एक. टीबीची चाचणी, लसी आणि रक्त. रक्तात एचआयव्ही निघाला तर कार्ड मिळत नाही, असा तेव्हा कायदाच होता. तपासणी झाली की डॉक्टर निकालाचा फॉर्म पाकिटात घालून सील करतात आणि पाकिटाच्या तोंडावर सही ठोकतात. ते पाकीट तसंच अर्जासोबत जायचं. सील फुटलेलं पाकीट कुणी घेत नाही.

एकवीस जुलैचा शनिवार होता. दवाखान्यात बसायला जागा नव्हती. रिसेप्शनवर शैलजा मावशी, साठीच्या पुढच्या, एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने लोकांना फॉर्म वाटत होत्या. सुलेखाने त्या दिवशी मोरपिशी कुर्ता घातला होता. रक्त द्यायला कुणी नटून जातं का? पण तिला तो दिवस सणाचाच वाटत होता. आपली ट्यूब भरताना तिने सवयीने लेबल वाचलं. नाव बरोबर, तारीख बरोबर. आणि मग तिचं श्रीरंगकडे लक्ष गेलं. स्वतःचं रक्त काढलं तेव्हा तो भिंतीकडे बघत होता, पण तिची ट्यूब भरत होती तेव्हा त्याची नजर तिथून हलेना. कपाळावर घाम आला होता. सुईला घाबरला असेल, असं म्हणून तिने त्याला बाहेर आल्यावर उसाचा रस पाजला. तो सगळा रस प्याला आणि ‘रिझल्ट किती दिवसांत येतात?’ एवढंच त्याने विचारलं.

सोमवारी तीस तारखेला दुपारी शैलजा मावशींचा फोन आला. रिपोर्ट आलेत, पाकिटं तयार आहेत, उद्या येऊन घेऊन जा, त्या म्हणाल्या. मग माणूस दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून वैतागला की जसं बोलतो तसं बोलल्या.

“आणि सुलेखा, तुझ्या मिस्टरांना जरा धीर धरायला सांग बाई. आठवड्यात पाच वेळा फोन. स्वतःचं विचारतच नाहीत, तुझंच विचारतात, आणि तेही एचआयव्हीचंच. मी सांगितलं, तिचा रिपोर्ट तिलाच सांगता येतो, इथला नियम आहे. तरी आज सकाळी पुन्हा फोन.”

सुलेखा हसली, सॉरी मावशी म्हणाली, आणि फोन ठेवला. ओट्यावर वाटाणे सोलायचे पडले होते ते ती सोलत बसली. अर्ज अडकू नये म्हणून विचारत असेल. पण मग स्वतःचं का नाही विचारत? टीबीचं का नाही विचारत? एकेक वाटाणा भांड्यात पडत होता आणि एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जागेवर बसत होती. पाठ. कडक गादी. त्या दिवशीचा घाम. ती वाटाणे तसेच टाकून उठली.

श्रीरंग साडेसहाला आला. तिने चहा केला, त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, मावशींना पाच वेळा फोन कशाला केलास? तो म्हणाला, अगं, वकील मागे लागलाय, आणि एकाचा जरी रिपोर्ट खराब आला तर अख्खी फाइल लटकते, म्हणून जरा.

“मग तुझा का नाही विचारलास?”

“माझा मला माहीत आहे ना,” तो म्हणाला.

म्हणून गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. कप तसाच हातात राहिला. चार महिने त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि आता एका वाक्यात सगळं उघडं पडलं. सुलेखा त्याच्याकडे बघत समोर बसून राहिली, आणि ते त्याला आरडाओरड्यापेक्षा जड गेलं असावं, कारण तो आपणहून सांगायला लागला. मार्चच्या मध्यात, सोळा तारखेला, टीमचं जेवण होतं. सगळे गेल्यावर तो हॉटेलच्या बारमध्ये थांबला. एक बाई भेटली. एकदाच झालं. नावही धड आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याची जी पाचावर धारण बसली ती आजपर्यंत. झोप नाही, जेवण नाही, रोज इंटरनेटवर तेच वाचन. घसा दुखला की तेच, अंगावर पुरळ आलं की तेच.

“पण काही नाहीये, सुलू. मी टेस्ट केल्यात. थांब, दाखवतो.”

तो आत गेला आणि जुन्या टॅक्सच्या फाइलमधून चार चिठ्ठ्या घेऊन आला. नाव न विचारता तपासणी करणारी क्लिनिकं असतात, तिथल्या त्या होत्या. प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या मुलासारखं त्याने त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीच्या तळाशी बोट ठेवत गेला. निगेटिव्ह. निगेटिव्ह. निगेटिव्ह. निगेटिव्ह. या चार शब्दांवर आपली सुटका होईल असं त्याला खरंच वाटत होतं. आपण हे कागद कुणापुढे ठेवतोय, तेवढं मात्र तो विसरला होता.

सुलेखाने पहिली चिठ्ठी उचलली. नाव नव्हतं, नंबर होता. मग तारीख बघितली. तीन एप्रिल.

ती उठली, फ्रिजवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि पानं मागे उलटली. सातवर तिनेच केलेलं लाल टिंब होतं. कॅलेंडर तिने चिठ्ठीशेजारी ठेवलं आणि उरलेल्या तीन चिठ्ठ्यांवरच्याही तारखा वाचल्या.

“तीनला तू रक्त दिलंस,” ती म्हणाली. “सातला तू इथे होतास.”

“निगेटिव्ह आलं होतं ना पण.”

“अठरा दिवसांतलं निगेटिव्ह. मी लोकांना सांगायचे, यावर विसंबून घरी जाऊ नका. आणि तू तरी विसंबलास का? मग एक मेला परत कशाला गेलास? एक जूनला कशाला? वीस जूनला कशाला?”

त्याने मान खाली घातली. बाहेर शेजारच्यांचा गवत कापायचा आवाज चालू होता.

“मग सात तारखेला मला ‘नको’ का म्हणाला नाहीस, श्रीरंग?”

“नको म्हटलं असतं तर तू कारण विचारलं असतंस.”

आता दारू पिऊन परक्या बाईच्या खोलीत जाणं ही एक गोष्ट झाली. वाईट आहे, पण माणसं घसरतात, आणि काही बायका रडून भांडून ते पचवतातही. पण आपल्या अंगात मरण असेल अशी भीती वाटत असताना, त्या भीतीपोटी तीन हजार मैलांवर रक्त देऊन आल्यावर, चौथ्या दिवशी बायकोशेजारी निजणं, आणि तेही केवळ एक प्रश्न चुकवायला, याला काय म्हणायचं? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तिने त्या दिवशी दुपारी गुलाबजाम केले होते. मूल होईल म्हणून ती उजव्या कुशीवर हालचाल न करता पडून राहिली होती. त्या महिन्यात राहिलं नाही म्हणून तिने देवाला बोल लावले होते. आता राहिलं नाही म्हणून तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला तसं वाटावं याचा तिला त्याहून जास्त संताप आला.

तरी एक गोष्ट उरली होती. वीस जूनला तीन महिने उलटून गेले होते. ती शेवटची चिठ्ठी कुठल्याही लॅबने खरी मानली असती.

“मग आता कसली भीती होती तुला? माझा रिपोर्ट कशाला हवा होता?”

तो हळूहळू बोलला. नेटवर कुणीतरी लिहिलं होतं की काही लोकांच्या रक्तात दिसायला सहा महिनेही लागतात. त्याचा विश्वासच बसत नव्हता. दर वेळी निगेटिव्ह आलं की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मग मेडिकल निघालं, आणि त्यात तिचीही टेस्ट होणार होती. “मला वाटलं, तू निगेटिव्ह आलीस तर मीही असणार.”

म्हणजे तो घाम तिच्या काळजीचा नव्हता. मोरपिशी कुर्ता घालून ती सणाला गेली होती, आणि तो तिथे तिच्या रक्तावर स्वतःची खात्री करून घ्यायला बसला होता. तिला काही झालं असतं तर ते तिला कुणी सांगितलं असतं? डॉक्टरांनी, त्या गर्दीत, फॉर्मवर टिकमार्क करता करता.

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दोघं दोन खोल्यांत होती.

सकाळी तिने गाडीची किल्ली घेतली आणि एकटी एडिसनला गेली. डॉ. कर्णिकांना म्हणाली, पाच मिनिटं हवीत, दार लावून. मग सांगितलं. डॉक्टर साठीचे, शांत गृहस्थ; त्यांनी ना कपाळाला आठी घातली ना ‘अरेरे’ म्हटलं. त्यांनी फक्त तो प्रश्न विचारला, जो ती स्वतः नाशिकला काउंटरच्या आतून विचारायची.

“शेवटचा संबंध कधी?”

“सात एप्रिल.”

“नक्की? त्यानंतर नाही?”

“नक्की. त्यानंतर त्याची पाठ दुखत होती.”

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. एकवीस जुलैला रक्त घेतलं, म्हणजे साडेतीन महिने झाले. रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि तो खरा आहे, ते म्हणाले. हवं तर ऑक्टोबरमध्ये मनाच्या समाधानासाठी पुन्हा करू, पण माझ्या मुलीला मी सांगितलं असतं की आज घरी जा आणि शांत झोप. तिने विचारलं, आणि त्याचा? ते म्हणाले, त्याचा मी त्यालाच सांगणार. पण तारीख पेशंट सांगतो आणि आम्ही त्यावरून हिशेब करतो, हे तुला काय सांगायचं, तू लॅबमधलीच.

बाहेर शैलजा मावशींनी दोन पाकिटं हातात दिली. उघडू नका हं, त्यांनी बजावलं. काल एका शहाण्याने उत्सुकतेपोटी फाडलं, आता पुन्हा बनवायचं तर दोन दिवस जातात. शुक्रवारी वकिलाकडे कागद द्यायचे होते. सुलेखाने पाकिटं पर्समध्ये ठेवली आणि गाडीत येऊन बसली. मग ती रडली. आपण वाचलो म्हणून रडली, आणि आपल्याला वाचावं लागलं म्हणून त्याहून जास्त रडली. तिचा तिच्या निकालावर पूर्ण विश्वास बसला होता, कारण सात एप्रिल ही तारीख तिची स्वतःची होती, तिच्याच हाताने टिंब करून ठेवलेली. सोळा मार्च मात्र त्याने सांगितलेली तारीख होती. एकदाच, हेही त्यानेच सांगितलेलं.

ती एकच्या सुमाराला घरी पोहोचली. श्रीरंगने रजा टाकली होती. घर झाडून काढलं होतं, भांडी घासली होती. ती बेडरूममध्ये पर्स ठेवायला गेली, तर त्याची उशी पलंगावर, तिच्या उशीशेजारी, नीट थोपटून ठेवलेली.

“पाठ बरी झाली वाटतं?” तिने विचारलं.

तो ओशाळं हसला. मग त्याला राहवेना. “काय आलं गं?”

“पाकीट सील आहे.”

“डॉक्टरांनी सांगितलं असेल ना?”

“सांगितलं. मला सांगितलं.”

तो तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात आला. सुलू, प्लीज, वेड लागेल मला, एक शब्द सांग. ती कुकरमध्ये डाळ-तांदूळ लावत होती. “चार महिने तुला माहीत होतं आणि मला नव्हतं,” ती म्हणाली. “आता मला माहीत आहे आणि तुला नाही. शुक्रवारी पाकीट वकिलाकडे जाईल. तोवर थांब.” पर्समधून दोन्ही पाकिटं काढून तिने जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा कुकरकडे वळली. फार तर तो रडेल, पाया पडेल, असं तिला वाटलं होतं. सांगूनच टाकावं का, असंही मनात आलं; तिसऱ्या शिट्टीपर्यंत बहुधा तिने सांगितलंही असतं.

दुसरी शिट्टी झाली आणि मागे कागद टरकन फाटल्याचा आवाज आला.

ती वळली. स्टॉपच्या पाटीपाशी रिकाम्या रस्त्यावर थांबणाऱ्या त्या माणसाने सरकारी सील फोडलं होतं. ते पाकीट तिचं होतं. त्यावर तिचं नाव होतं आणि आत तिची सहा वर्षं होती, पुन्हा लॅबमध्ये उभं राहायचं होतं ते होतं. फाडलेलं पाकीट कुणी घेत नाही हे त्याला ठाऊक होतं. ते पुन्हा बनवून मिळतं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं; ते तिला एकटीला ठाऊक होतं. त्याचे डोळे फॉर्मच्या ओळींवरून धावत होते. मग ते थांबले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तो खुर्चीत बसला आणि ओंजळीत तोंड धरून रडायला लागला.

“निगेटिव्ह आहे,” तो म्हणाला. “निगेटिव्ह आहे गं. सुटलो.”

सुलेखाने गॅस बंद केला. फोन उचलून एडिसनला लावला आणि शैलजा मावशींना सांगितलं की माझं पाकीट फाटलं, पुन्हा करून हवंय, गुरुवारी मी येऊन घेऊन जाईन. त्यांनी काहीतरी विचारलं. “नाही, त्यांचं शाबूत आहे,” ती म्हणाली. तेव्हा कुठे श्रीरंगने टेबलावरच्या फाटक्या पाकिटाकडे पाहिलं. चेहरा उतरला. अगं, माझ्या लक्षातच आलं नाही, सॉरी, मिळेल ना पुन्हा, असं तो बोलत राहिला. ते ती ऐकत नव्हती. कार्ड ती घेणार होती, ते तिच्या हक्काचं होतं. आणि त्यानंतर या घरात राहायचं की नाही ते ती ठरवणार होती. मूल मात्र या माणसाचं नको, हे तिचं त्याच क्षणी ठरलं, आणि ठरलं तेव्हा तिच्या काळजात तुटलं.

मग ती बेडरूममध्ये गेली, त्याची उशी उचलली आणि कॉम्प्युटरच्या खोलीतल्या कडक गादीवर नेऊन टाकली. तो दारात येऊन उभा राहिला. हातात अजून तिचा फॉर्म होता.

“पण आता तर दोघंही निगेटिव्ह आहोत ना,” तो म्हणाला. “आता कशाला?”

“माझ्या निगेटिव्हची तारीख मी स्वतः मोजलीय, श्रीरंग,” ती म्हणाली. “तुझी तारीख मी कुणाला विचारू?”

तिने त्याच्या हातातून आपला फॉर्म काढून घेतला आणि जेवण वाढायला गेली. एकच ताट घेतलं.